चांगला जेलातो कसा ओळखावा

इटलीच्या सहलीला निघालेली मराठी कुटुंबे कोलोसियम, पिसाचा मनोरा आणि व्हेनिसचे कालवे यांच्याबरोबर जेलातोही, म्हणजे इटालियन पद्धतीचे आइसक्रीमही, ठरवून खातात, आणि बहुतेक वेळा तो त्या वास्तूच्या अगदी समोरच्या दुकानात खाल्ला जातो, जिथे काचेमागे गुलाबी, पोपटी आणि निळ्या रंगांचे ढीग रचलेले असतात. तिथे मिळणारा पदार्थ थंड असतो, गोड असतो आणि उन्हात फिरून आल्यावर बराही वाटतो. परंतु ज्या जेलातोसाठी बोलोन्या, फ्लॉरेन्स किंवा कातानिया येथील माणूस दोन गल्ल्या ओलांडून आपल्या नेहमीच्या दुकानात जातो, तो हा नव्हे. दोहोंतील फरक कळण्यासाठी जिभेला फार मोठे शिक्षण लागत नाही. जेलातो बनतो कसा, हे एकदा नीट समजले की दुकानाच्या दारातूनच पुष्कळशी पारख करता येते. त्यासाठी एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी: जेलातो हा महिनोन्‌महिने साठवण्यासाठी बनवलेला पदार्थ नाही, तो रोज करून एक-दोन दिवसांत संपवण्यासाठी असतो. त्यातील हवा, स्निग्धांश, साखर, तापमान आणि भांडे हे सारे या एका गोष्टीवरून ठरते.

सुरुवात हवेपासून करू, कारण ती दिसत नाही आणि तिचे पैसे मात्र आपण देतो. दूध, साखर आणि क्रीम यांचे मिश्रण गोठवताना घुसळले जाते तेव्हा त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात आणि आकारमान वाढते. या वाढीला व्यवसायात ओव्हररन म्हणतात. कारखान्यातील आइसक्रीममध्ये ते पन्नास ते शंभर टक्के असू शकते. शंभर टक्के म्हणजे एक लिटर मिश्रणाचे दोन लिटर आइसक्रीम. जेलातो संथपणे घुसळला जातो, त्यामुळे त्यात ही वाढ साधारण वीस ते पस्तीस टक्क्यांवर थांबते. हा हिशेब घरबसल्या पडताळता येतो. भारतीय नियमांनुसार एक लिटर आइसक्रीमचे वजन किमान ५२५ ग्रॅम असावे लागते, आणि आपल्याकडील डब्यांवर मिलिलिटर व ग्रॅम हे दोन्ही आकडे छापलेले असतात. मूळ मिश्रणाचे वजन लिटरमागे सुमारे अकराशे ग्रॅम असते. तेव्हा अर्ध्या लिटरच्या डब्यावर २७० ग्रॅम लिहिलेले असेल, तर त्या डब्याचा जवळजवळ निम्मा भाग हवेचा आहे. तेवढ्याच आकाराच्या डब्यात तीस टक्के ओव्हररनचा जेलातो भरला, तर तो ४२० ग्रॅमच्या आसपास भरेल. जेलातोचा छोटासा कप हाताला जड लागतो, त्याचे कारण हेच.

दुसरा फरक स्निग्धांशाचा. आपल्याकडे ‘आइसक्रीम’ म्हणून विकायचे तर त्यात दुधाचा स्निग्धांश किमान दहा टक्के असावा लागतो. जेलातोत क्रीमपेक्षा दूध अधिक असल्यामुळे तो साधारणतः चार ते नऊ टक्के असतो. चांगल्या प्रतीचे आइसक्रीम म्हणजे अधिक मलईदार, एवढेच समीकरण डोक्यात असणाऱ्यांना हे उणे वाटेल, परंतु स्निग्धांश जिभेवर थर धरतो आणि त्याच्याआड मूळ पदार्थाची चव मागे पडते. जेलातोत हा थर पातळ असतो, हवा कमी असते आणि तापमानही थोडे चढे असते, म्हणून हेझलनट किंवा लिंबू यांची चव एकदम पुढे येते. कमी स्निग्धांश असूनही जेलातो अधिक भरीव लागतो, ही त्याची खरी किमया आहे.

तापमानाचा भाग थोडा गुंतागुंतीचा असला तरी सगळे कौशल्य तिथेच असल्यामुळे तो सविस्तर पाहायला हवा. शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठते, परंतु पाण्यात साखर विरघळली की ते आणखी खाली जाऊन गोठते. मिश्रण थंड होऊ लागते तेव्हा आधी त्यातील थोड्या पाण्याचा बर्फ होतो. बर्फ बाजूला झाल्यावर उरलेल्या पाण्यात साखरेचे प्रमाण वाढते, त्यामुळे ते गोठण्यासाठी आणखी थंडी लागते. मग आणखी थोडे पाणी गोठते आणि उरलेला पाक आणखी दाट होतो. ही मालिका पुढे चालू राहते, पण सगळे पाणी कधीच गोठत नाही. कारखान्यातील आइसक्रीम उणे अठरा अंश सेल्सिअसला किंवा त्याहून थंड ठेवले जाते आणि त्या तापमानाला ते टणक असते. जेलातो उणे बारा ते उणे चौदा अंशांच्या आसपास दिला जातो, आणि त्या तापमानाला तो चपट्या उलथन्याने सहज पसरवता यावा, इतकेच पाणी न गोठलेले राहील असा साखरेचा हिशेब कारागिराने आधीच बसवलेला असतो.

हा हिशेब केवळ नेहमीच्या साखरेने जमत नाही. मऊपणासाठी साखर वाढवावी तर जेलातो अतिगोड होतो. त्यामुळे कारागीर काही साखरेच्या जागी डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजची पूड, वापरतात. ते साखरेपेक्षा कमी गोड असते, पण त्याचे रेणू लहान असल्यामुळे पाणी गोठण्यापासून रोखण्याची त्याची ताकद साखरेच्या जवळजवळ दुप्पट असते. प्रत्येक स्वादाचे गणितही निराळे असते. चॉकलेटमधील कोको जेलातो घट्ट करतो, हेझलनटमधले तेल त्याला आपला स्निग्धांश देते, केळ्यात स्वतःची साखर असते, आणि मद्य घातले तर मिश्रण गोठायलाच कुरकुरते. एकाच पांढऱ्या मिश्रणात वेगवेगळ्या बाटल्यांतले स्वाद ओतणाऱ्या दुकानात हे गणित कोणी मांडत नाही, आणि म्हणून तिथले सगळे स्वाद खाताना सारखेच वाटतात.

मऊपणाचा उरलेला भाग बर्फाच्या स्फटिकांवर अवलंबून असतो. स्फटिक साधारण पन्नास मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाहून, मोठे झाले की जिभेला ते कणीसारखे जाणवतात; त्याहून लहान असले की सगळे मुलायम वाटते. लहान स्फटिक मिळवायचे असतील तर मिश्रण झपाट्याने गोठवावे लागते आणि गोठताना सतत ढवळावे लागते. म्हणून दुकानामागच्या खोलीत, जिला इटालियन लोक प्रयोगशाळाच म्हणतात, काम असे चालते: मिश्रण ८५ अंशांपर्यंत तापवून जंतुविरहित करतात, लगेच चार अंशांपर्यंत उतरवतात आणि काही तास तसेच मुरू देतात, म्हणजे दुधातील प्रथिने पाणी नीट धरून ठेवतात. मग ते गोठवून घुसळणाऱ्या यंत्रात जाते. आतले पाते थंड भिंतीवर धरलेला बर्फाचा पापुद्रा सतत खरवडून मिश्रणात मिसळत राहते आणि दहाएक मिनिटांत जेलातो जाड फितीसारखा बाहेर पडतो. आपल्याकडच्या पॉट आइसक्रीमचे तत्त्व हेच आहे. तिथे थंडी यंत्राऐवजी बर्फ आणि जाडे मीठ यांच्या मिश्रणातून येते, जे उणे एकवीस अंशांपर्यंत उतरू शकते, आणि पाते विजेऐवजी घरातल्या माणसांच्या हातांनी फिरते.

स्फटिक एकदा लहान झाले म्हणून ते लहानच राहत नाहीत. तापमान थोडे जरी वरखाली झाले तरी बारीक स्फटिक आधी वितळतात आणि पुन्हा थंडी मिळताच ते पाणी मोठ्या स्फटिकांना जाऊन चिकटते. दिवसातून अनेकदा झाकण उघडणाऱ्या दुकानात हे थांबवता येत नाही, त्यामुळे जेलातोचे आयुष्य मुळातच थोडे असते. ज्या दुकानदाराला रोज ताजा जेलातो करायचा नसतो, त्याला हवा, वनस्पती तेल आणि स्थिरकारक द्रव्ये वाढवावी लागतात, आणि त्या वाढीच्या खुणा ग्राहकाला काचेबाहेरून दिसतात.

यातली पहिली खूण म्हणजे ढीग. भांड्याच्या काठाच्या वर हातभर उंच रचलेला, नक्षी काढलेला आणि फळांच्या फोडींनी सजवलेला जेलातो तसा उभा राहतो, कारण त्यात हवा आणि आकार धरून ठेवणारी द्रव्ये भरपूर असतात. शिवाय शीतपेटीतील थंडी भांड्यापुरती असते. काठाच्या वर आलेला भाग दिवसभर किंचित वितळून पुन्हा गोठत राहतो. भांड्याच्या काठाशी सपाट असलेला जेलातो, त्यावर उलथन्याने ओढलेली एखादी रेघ आणि मधूनच रिकामे होत आलेले एखादे भांडे, हे दृश्य मला अधिक भरवशाचे वाटते. त्याहून चांगले म्हणजे जेलातो मुळीच न दिसणे. जुन्या पद्धतीच्या दुकानांत काउंटरमध्ये खोल गोल खड्डे असतात आणि त्यांवर स्टीलची झाकणे असतात. त्यांना ‘पोत्सेत्ती’ म्हणतात. झाकणाखाली तापमान सारखे राहते आणि उजेड व हवा यांपासून सुक्यामेव्यातील तेलाचे रक्षण होते. अर्थात अलीकडे झाकणांची टूम निघाल्यामुळे काही साधारण दुकानांनीही ती बसवून घेतली आहेत, तेव्हा झाकण दिसले म्हणून डोळे मिटून विश्वास टाकू नये.

दुसरी खूण रंगाची आहे, आणि ती सगळ्यांत सोपी. खऱ्या केळ्याचा जेलातो मळकट पांढरा, किंचित करडा असतो, पिवळा नव्हे. लिंबाचा पांढरा असतो. दुधात पुदिन्याची पाने भिजवून केलेला जेलातोही जवळजवळ पांढराच असतो; ताजी पाने वाटून घातली असतील तर फिकट हिरवा असू शकतो, पण टूथपेस्टसारखा निळसर हिरवा कधीच नाही. स्ट्रॉबेरी, रासबेरी आणि तुती मात्र स्वभावतःच गडद रंगाच्या असतात, तेव्हा भडक दिसेल ते सगळे खोटे असेही मानू नये.

पिस्त्याकडे स्वतंत्रपणे पाहायला हवे, कारण दुकानाची नियत कळण्यासाठी याहून चांगला स्वाद नाही. सिसिलीतील एटना ज्वालामुखीच्या पश्चिम उतारावर ब्रोन्ते नावाचे गाव आहे. तिथे लाव्हाच्या खडकांत वाढणाऱ्या झाडांचा पिस्ता युरोपीय संघाने भौगोलिक ओळख देऊन संरक्षित केला आहे. ही झाडे एका वर्षाआड पीक देतात, काढणी हाताने करावी लागते आणि त्यामुळे हा पिस्ता अतिशय महाग असतो. त्याचा दाणा तोडून पाहिला तर आतून पाचूसारखा हिरवा असतो, पण भाजून, वाटून दुधात मिसळल्यावर त्याचा रंग मावळतो आणि जेलातो तपकिरीकडे झुकलेला, शेवाळी हिरवा दिसतो. पोपटी रंगाच्या ‘पिस्ता’ जेलातोत हिरवा रंग आणि बहुधा बदामाचा अर्क असतो. खाल्ल्यावर पिस्त्याऐवजी कडू बदामाचा वास नाकात भरतो, तो त्यामुळेच. खऱ्या पिस्त्याच्या जेलातोत भाजलेल्या दाण्याचा खमंगपणा, किंचित खारटपणा आणि शेवटी तेलाचा हलका स्पर्श असतो. त्याची किंमत इतर स्वादांपेक्षा जास्त लावलेली असेल तर नाराज होऊ नये. सगळे स्वाद एकाच भावाने विकणाऱ्या दुकानात हा महागडा दाणा किती पडत असेल, याचा विचार मात्र अवश्य करावा.

तिसरी खूण वाचायची आहे. दुकानाच्या पाटीवर ‘आर्तिजानाले’, म्हणजे हाताने केलेले, असे लिहिलेले असते. या शब्दावर फार विसंबू नये, कारण तयार पुडीत दूध मिसळून यंत्रात ओतणारा दुकानदारही तो लिहू शकतो. युरोपीय नियमांमुळे प्रत्येक दुकानाला ॲलर्जी निर्माण करणाऱ्या घटकांची माहिती द्यावी लागते आणि इटलीत बहुधा ती घटकांच्या यादीसकट भिंतीवर किंवा काउंटरवरच्या वहीत मिळते. दूध, क्रीम, साखर, हेझलनट अशी छोटी यादी असेल तर समाधान मानावे. ‘ग्रासी वेजेताली’ म्हणजे वनस्पती तेल, ‘कोलोरान्ती’ म्हणजे रंग आणि ‘आरोमी’ म्हणजे कृत्रिम किंवा काढलेले स्वाद. हे शब्द वारंवार दिसले तर पुढच्या दुकानाकडे वळावे.

यादीतील प्रत्येक अनोळखी नावाला घाबरण्याचे मात्र कारण नाही. ‘ई ४१०’ ही भूमध्य सागराच्या काठी वाढणाऱ्या कॅरोब झाडाच्या बियांची पूड असते, आणि ‘ई ४१२’ म्हणजे गवारीच्या बियांतून काढलेला डिंक. गवारीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे आणि त्यातला मोठा वाटा राजस्थानचा आहे, त्यामुळे रोममध्ये खाल्लेल्या जेलातोत चिमूटभर गवार आपल्याकडची असणे सहज शक्य आहे. ही पूड किलोला काही ग्रॅम पडते आणि मोकळे पाणी बांधून ठेवून स्फटिक मोठे होऊ देत नाही. प्रमाण बिघडले तर जेलातो चिकट आणि च्युइंगगमसारखा ताणला जाणारा होतो, पण हा दोष हाताचा असतो, पदार्थाचा नव्हे.

दुकान निवडल्यावर पहिल्यांदा ‘फ्योर दी लात्ते’ मागावा, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. त्यात दूध, क्रीम आणि साखर यांखेरीज काही नसते, अंडे नसते, व्हॅनिलाही नसतो, त्यामुळे दुधाची प्रत आणि कारागिराचा हात दोन्ही उघडे पडतात. छोट्या चमच्याने चव बघायला बहुतेक ठिकाणी देतात. तो तोंडात घेतल्यावर कणी जाणवली तर तापमान वरखाली झालेले आहे. जिभेवर वाळूसारखे काही राहिले आणि ते वितळेना, तर दुधाची पावडर जास्त पडून त्यातील दुग्धशर्करेचे स्फटिक झाले आहेत. टाळ्याला मेणासारखा थर बसला तर स्निग्धांश दुधाचा नाही, वनस्पती तेलाचा आहे. आणि गिळल्यानंतर लगेच पाणी प्यावेसे वाटले तर साखर अति झाली आहे. चांगला फ्योर दी लात्ते वितळल्यावर तोंडात ताज्या दुधाची चव सोडतो आणि तोंड स्वच्छ राहते.

शाकाहारी वाचकांनी काही नावे लक्षात ठेवावीत. ‘क्रेमा’ म्हणजे नुसती साय नव्हे. त्यात अंड्याचा पिवळा बलक असतो. ‘झाबायोने’मध्ये अंडे आणि मार्साला नावाची वाइन दोन्ही असतात, तर ‘मालागा’मध्ये रममध्ये भिजवलेले बेदाणे. अंडे नको असेल तर ‘सेंत्सा उओवा’ एवढे म्हणावे, आणि दूध नको असेल तर फळांचे ‘सोर्बेत्तो’ घ्यावे, ज्यात फळ, पाणी आणि साखर एवढेच असावे. काही दुकाने चॉकलेटचेही विनादुधाचे सोर्बेत्तो उत्तम करतात. अनेक ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे देऊन पावती घ्यायची आणि ती दाखवून स्वाद सांगायचे अशी रीत असते. मोठे कप घेण्याचा मोह टाळून दोन स्वादांचा सर्वांत लहान कप घ्यावा, आणि दोन्ही स्वाद एकमेकांना सावरणारे निवडावेत: हेझलनट आणि चॉकलेट, पिस्ता आणि फ्योर दी लात्ते, लिंबू आणि स्ट्रॉबेरी. दुधाळ स्वादाशेजारी आंबट सोर्बेत्तो घेतले की दोहोंची चव बिघडते.

आता इटलीतील प्रदेशांविषयी. जेलातो एकच असला तरी त्याचे स्वभाव गावागणिक बदलतात. सिसिलीत एटनावरचा बर्फ खड्ड्यांत साठवून उन्हाळ्यात विकण्याची जुनी रीत होती, आणि तिथूनच थंड गोड पदार्थांची परंपरा वाढली. सिसिलीचाच प्रोकोपिओ पॅरिसला गेला आणि १६८६ मध्ये त्याने काढलेल्या कॅफेत ही थंड मिठाई फ्रेंचांनी चाखली. उत्तरेकडील डोलोमाइट पर्वतांतील झोल्दो आणि कादोरे या गरीब खोऱ्यांतील माणसे एकोणिसाव्या शतकात जेलातो विकण्यासाठी व्हिएन्ना आणि जर्मनीच्या शहरांत पसरली, आणि आजही जर्मनीतील कितीतरी जेलातोची दुकाने त्यांच्या वंशजांकडे आहेत. बोलोन्याच्या ओतेल्लो कात्ताब्रिगाने १९२७ मध्ये घुसळण्याचे स्वयंचलित यंत्र तयार केले; यंत्रांचा हा उद्योग त्याच शहराभोवती वाढला आणि जवळच्या आन्झोला गावात आज जेलातोचे संग्रहालय आहे. तोरिनो (ट्युरिन) हे हेझलनट आणि चॉकलेटच्या ‘जांदुया’ स्वादाचे घर, आणि तिथल्याच पेपिनो या दुकानाने १९३९ मध्ये काडीवरचे, चॉकलेटचा मुलामा दिलेले आइसक्रीम बाजारात आणले. थंड जेलातो घुसळत असताना त्यात गरम चॉकलेटची बारीक धार सोडली की ते चॉकलेट गोठून त्याचे तुकडे तुकडे होतात. ही ‘स्त्राच्यातेल्ला’ची युक्ती १९६१ ची, बेर्गामो शहरातली. सान जिमिन्यानो गावात सेर्जिओ दोन्दोली या कारागिराचा तिथल्या केशराचा आणि पाइनच्या बियांचा जेलातो मिळतो, आणि दुकानापुढची रांग लांब असली तरी त्यासाठी थांबावे. रोमच्या तायबर नदीकाठच्या टपऱ्यांवर बर्फाच्या लादीचा कीस करून त्यावर सरबत आणि फळे घालून देतात. ‘ग्रात्ताकेका’ नावाचा हा प्रकार आपल्या गोळ्याचा भाऊबंदच आहे.

परंतु एकाच ठिकाणी जायचे असेल तर मी सिसिलीचे नाव घेईन, आणि तेही ग्रानितासाठी. बाहेरच्या देशांत ग्रानिता म्हणून रंगीत बर्फाचा चुरा मिळतो. सिसिलीतील ग्रानिता त्याहून फार वेगळा असतो. फळ किंवा बदामाचे दूध, पाणी आणि साखर एवढ्यावर तो होतो, हवा जवळजवळ नसते आणि गोठताना सतत ढवळल्यामुळे स्फटिक बारीक पण जाणवण्याइतके राहतात, म्हणजे तो मुलायमही असतो आणि दाताखाली हलका कुरकुरतोही. उन्हाळ्यात तो सकाळी न्याहारीला खातात. सोबत डोक्यावर छोटा बुचडा असलेला मऊ ब्रियोश पाव असतो. आधी तो बुचडा तोडून ग्रानितात बुडवायचा, मग बाकीचा पाव. मेस्सीनात कॉफीच्या ग्रानितावर घुसळलेले क्रीम घालतात, कातानियात बदामाचा ग्रानिता मोठ्या प्रेमाने खातात, आणि नोतो गावातील १८९२ सालापासूनच्या काफ्फे सिचिलियात तिथल्या परिसरातील बदाम वापरले जातात, ज्यांचा किंचित कडवटपणा गोडीला बांध घालतो. काळ्या तुतीचा ग्रानिता मिळाला तर तो सोडू नये. तुतीचा हंगाम उन्हाळ्याच्या सुरुवातीचे थोडेच आठवडे असतो आणि चांगली दुकाने हंगाम संपला की तो फळ्यावरून पुसून टाकतात.

जेलातो मुक्कामी न्यायचा असेल तर दुकानदार तो वजनावर, थर्माकोलच्या डब्यात भरून देतात, आणि त्यात तो अर्धा-पाऊण तास टिकतो. घरच्या फ्रीझरमध्ये उणे अठरा अंशांना तो दगडासारखा घट्ट होईल, म्हणून खाण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. बाहेर ओट्यावर ठेवला तर कडा वितळतात आणि मधला भाग घट्टच राहतो. उरलेला दुसऱ्या दिवशी संपवावा, आणि एकदा पूर्ण वितळला तर पुन्हा गोठवू नये; त्याचा मिल्कशेक करून प्यावा.